बहुनामी भुकटीची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून, शारदेस वंदन करून, आणि जी राजास व हमालास सारखीच येते, जिला दाम पडत नाही, त्या निद्रादेवीस विशेष दंडवत घालून लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सर, चैत्रमासी या राज्यात जो प्रकार सुरू जाहला आणि पुढे जो वाढत गेला, तो कोणी विचारिला म्हणोन लिहीत नाही, कोणीच विचारीत नाही म्हणोन लिहिणे प्राप्त जाहले. राज्याचे नाव घालीत नाही. राज्य मोठे, नदी बारमाही, किल्ला मजबूत, बाजार भरलेला, आणि नदीपलीकडे अभ्यासपुरा म्हणोन एक पेठ होती, तेथे मनसबीच्या परीक्षेस बसणारी हजारो पोरे-पोरी भाड्याच्या खोल्यांत राहात असत. मनसबी थोड्या, पोरे फार, म्हणोन जो तो दुसऱ्याहून एक प्रहर अधिक जागावे ऐसे मनी धरीत असे. पेठेत खाणावळी उजाडेपर्यंत चालत, आणि जो झोपला तो हरला ऐसे भिंतीवर लिहून ठेविलेले असे.

आता या राज्याचा एक जुना दंडक होता, तो आधी सांगितला पाहिजे. महाराजांचे आजोबा गादीवर असता एका गरीब माणसास फटके बसले, आणि तो म्हणाला, ‘हे करू नये हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.’ त्यावर थोरले महाराज फार कष्टी जाहले आणि त्यांनी ठराव केला की, यापुढे ज्या वस्तूस बंदी करणे तिचे नाव, तिचे रूप आणि तिचा गुण, हे तिन्ही चौकाचौकांत दवंडी पिटून पुकारावे, म्हणजे मला ठाऊक नव्हते ऐसे कोणी म्हणू नये. जिचे नाव पुकारिले नाही तिला बंदी नाही. आणि जो बंदीची वस्तू घेईल त्याचेही नाव बापाच्या नावासहित त्याच्याच पेठेत पुकारावे, आणि त्यास मनसबीची परीक्षा कायमची बंद. ठराव चांगल्या मनाने जाहला होता. चांगल्या मनाने केलेल्या कायद्याची टवाळी करणे सोपे असते, म्हणोन ती मी करीत नाही, फक्त पुढे काय जाहले ते सांगतो.

हा दंडक चालविण्यास नामखाते म्हणोन एक खाते होते आणि त्यावर लखमोपंत नामनवीस हे होते. गृहस्थ निष्कलंक. लाच घेणार नाहीत, कचेरीत उशिरा येणार नाहीत, आणि दवंडीचा मजकूर ऐसा लिहितील की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. त्यांचा भरवसा असा की, वस्तूचे नाव हाती आले म्हणजे वस्तूची शेंडी हाती आली. त्यांच्या कुटुंबाचे नाव आवडाबाई, आणि एक कन्या, सगुणा, ती बुद्धीने तीक्ष्ण म्हणोन तिला अभ्यासपुऱ्यात खोली करून दिली होती. पंत सणवारास तिला घरी आणीत आणि जेवताना इतिहासाचे प्रश्न विचारीत, आणि तिने बरोबर उत्तर दिले म्हणजे आवडाबाईंकडे पाहून मिशीत हसत. मुलगी मनसबदार व्हावी याहून दुसरी इच्छा त्या घरात नव्हती.

ऐसे असता बंदरावरून एक पांढरी भुकटी राज्यात आली. घेतली असता झोप जाई, भूक जाई, माणूस दोन-दोन दिवस ताठ उभा राही आणि आपणास सर्व काही येते ऐसे त्यास वाटे, आणि मग उतरली म्हणजे रिकाम्या पोत्यासारखा खाली बसे. पहिल्याने ती रात्रपाळीचे पहारेकरी आणि लांब पल्ल्याचे मालमोटारवाले घेत, आणि तिला ‘पहाट’ म्हणत. पंतांस वर्दी लागली. त्यांनी मजकूर तयार केला तो ऐसा: ‘पहाट या नावाची शुभ्र भुकटी, जी सेवन केली असता निद्रा दूर पळते, क्षुधा बाधत नाही आणि बुद्धी दिव्यासारखी प्रज्वलित राहते, ती आजपासून बंद.’ वाक्य पंतांस फार आवडले. घरी दोनदा म्हणून दाखविले. मग सटवाजी दवंडीकर, ज्याचा आवाज नदीच्या या काठावरून त्या काठास ऐकू जाई, त्याने ते सर्व पेठांत पुकारिले, आणि अभ्यासपुऱ्यात विशेष जोराने पुकारिले, का की तेथे शिकलेली मंडळी राहतात, त्यांस नीट कळावे. तोपर्यंत ही भुकटी पेठेत दहा जणांस ठाऊक असेल. दवंडी उठली आणि ती सर्वांस ठाऊक जाहली. निद्रा पळविणारे काही औषध आहे, ते पांढरे आहे, आणि बुद्धी प्रज्वलित करिते, हे सरकारनेच सांगितले, मग खोटे कोण म्हणेल?

दवंडी दुपारी पिटली आणि दिवेलागणीस विकणाऱ्यांनी नाव पालटले. आता ती ‘मावशी’ जाहली. ‘मावशी आली का?’ म्हणोन विचारावे आणि ‘आली, आत बसलीये’ म्हणोन उत्तर यावे. पंतांनी ‘मावशी’ हे नाव पुकारिले, आणि दुसरे दिवशी राज्यातील खऱ्या मावश्या दरबारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांत एक थोराड बाई पुढे होऊन म्हणाली, ‘महाराज, बहिणीच्या दारात गेले तर शेजारीण खिडकी लावून घेते. आम्ही भाचरांकडे जायचं का नाही, तेवढं सांगा.’ महाराज हसले, प्रधानजी हसले, पंतांस मात्र हसू आले नाही. मग भुकटीचे रूप बदलले. आता ती खडा होऊन येऊ लागली, पारदर्शक, आणि तिला ‘काच’ म्हणू लागले. पंतांनी ‘काच’ पुकारिली, आणि कोतवालाच्या शिपायांनी हुकुमाचा शब्द पाळावा म्हणोन कासारांच्या बांगड्या जप्त केल्या आणि एका न्हाव्याचा आरसा उचलून नेला. मग ती गोळी होऊन आली, हिरवी, मोराचा छाप मारलेली. ‘मोर’ पुकारिल्यावर सरकारी बागेच्या माळ्याने आपल्या मोरांचे काय करावे म्हणोन विचारणा केली. मग अभ्यासपुऱ्यात तिला ‘उजळणी’ म्हणू लागले. पोरे खाणावळीत सर्वांदेखत म्हणत, ‘आज उजळणी केलीस का?’ आणि मालक कौतुकाने त्यांस भात अधिक वाढी, आणि भात तसाच राही.

येथे बखरकारास आपले एक मत लिहिणे आहे, ते वाचणाऱ्याने सोसून घ्यावे. विषास विष म्हणोन कोणी हाक मारीत नाही. हाक मारिताना माणूस आपल्याजवळ जे नाही त्याचे नाव घेतो. पहारेकऱ्यास रात्र सरत नव्हती, त्याने तिला पहाट म्हटले. परगावाहून आलेल्या, खोलीत एकट्या राहणाऱ्या पोरांस कोणी डोक्यावरून हात फिरविणारे नव्हते, त्यांनी तिला मावशी म्हटले. ज्यांची पुस्तके वाचावयाची राहिली होती त्यांनी तिला उजळणी म्हटले. ती नावे नीट ऐकिली असती तर राज्याचे दुखणे कोठे कोठे आहे ते वैद्याशिवाय कळते. पंत ती नावे रोज वाचीत होते आणि ऱ्हस्व-दीर्घ तपाशीत होते.

याप्रमाणे नाव निघावे, पंतांनी पुकारावे, नाव पालटावे, ऐसे पुष्कळ दिवस चालले. आणि मग एके दिवशी विकणारे शहाणे जाहले. त्यांनी नावच टाकून दिले. घेणाऱ्याने जावे आणि ‘आहे?’ म्हणावे, विकणाऱ्याने ‘आहे’ म्हणावे, बस्स. हेर रिकाम्या हाताने परत येऊ लागले. सटवाजी ढोलके मांडीवर घेऊन बसून राही. महिना गेला, दुसरा गेला, नवे नाव म्हणोन आले नाही. आता दुसऱ्या कोणत्या राज्यात लोक चिंतेत पडते. या राज्यात दंडक ऐसा की ज्यास नाव नाही ते नाही. तेव्हा प्रधानजींनी दरबारात जाहीर केले की, राजश्री लखमोपंतांच्या अविश्रांत श्रमाने भुकटीची सर्व नावे संपली, सबब भुकटी संपली, आणि पंतांस शाल व श्रीफळ दिले. पंतांनी शाल खांद्यावर घेतली, आणि ती घडी न मोडता घरी आले. दसरा जवळ आला होता आणि सगुणा घरी आलेली होती.

आवडाबाईंनी शाल पाहिली, बरी आहे म्हणाल्या, आणि पंतांस पाणी देऊन समोर बसल्या. मग त्या म्हणाल्या, ‘अहो, तुमच्याशी बोलायचंय. सगुणेचं काहीतरी बिनसलंय.’ पंत म्हणाले, परीक्षा जवळ आली, पोर थकली असेल. तेव्हा आवडाबाई म्हणाल्या, ‘थकलेलं माणूस झोपतं. ही झोपत नाही. आली त्या दिवसापासून ताटाला हात लावल्यासारखं करते आणि उठते. दात सारखे चावत असते. काल सगळी पितळेची भांडी घासली, मग परत तीच घासली. मी म्हटलं, अगं घासून झालीत, तर माझ्यावर धावून आली. दंडावर नखांनी ओरबाडून घेतलंय, मला दाखवत नाही.’ हे ऐकून पंत इतकी वर्षे जो प्रश्न कचेरीत विचारीत आले तोच त्यांच्या तोंडातून निघाला. म्हणाले, ‘काय घेते? नाव काय त्याचं?’ आवडाबाई म्हणाल्या, ‘मला काय माहीत नाव? पोर वाळत चाललीय, एवढं मला दिसतंय. नाव कळल्याशिवाय तुम्हाला दिसत नाही का?’

मग पंत माडीवर गेले. सगुणा पुस्तकांच्या मध्ये बसली होती, पाय हालवीत होती, आणि पुस्तक उलटे धरिले होते ऐसे नव्हे, सुलटेच होते, पण पान पालटीत नव्हती. पंत दारात उभे राहून म्हणाले, ‘सगुणा, तुला हे कोणी दिलं?’ ती म्हणाली, ‘काय?’ पंत म्हणाले, ‘जे घेतेस ते.’ तिने पुस्तक मिटिले आणि म्हणाली, ‘बाबा, दिलं कोणी ते सोडा. सांगितलं कोणी ते विचारा.’ आणि तिने पंतांचेच वाक्य म्हणून दाखविले, निद्रा दूर पळते, क्षुधा बाधत नाही, आणि बुद्धी दिव्यासारखी प्रज्वलित राहते, एक अक्षर न चुकता. म्हणाली, ‘आम्ही चौघीजणी खिडकीत उभ्या होतो. सटवाजीकाका खाली ओरडत होते. माझं भूगोलाचं सगळं राहिलं होतं. तुम्ही लिहिलेलं खोटं असणार नाही, एवढं मला ठाऊक होतं.’ तिने हे रागाने म्हटले असते तर पंतांस उत्तर सुचते. तिने ते पाठांतर म्हणावे तैसे सरळ म्हटले. पंत दाराची कडी धरून उभे राहिले, आणि त्यांच्या अंगावर अजून ती शाल होती.

आता वाचणाऱ्यास वाटेल की येथून पंतांचे डोळे उघडले. तसे जाहले नाही. माणूस इतक्या सहजी बदलत नाही, आणि बाप तर नाहीच. पंतांनी मनात मांडणी केली. वैद्याकडे न्यावी तर वैद्यास दंडक लागू, त्याने नामखात्यास कळविलेच पाहिजे. कळविले की पुकारा. पुकारा जाहला की परीक्षा गेली, स्थळे गेली, आणि पेठेतून मान वर करून चालणे गेले. तेव्हा पंतांनी सगुणेस माडीवर कोंडिले, बाहेरून कुलूप घातले, किल्ली कमरेला लाविली आणि आवडाबाईंस सांगितले, ‘कोणी विचारलं तर पित्त झालंय म्हणा. आठवडाभरात उतरेल.’ नामनवीसाने आपल्या घरात दुखण्याचे नाव पालटिले. आणि यात पंत एकटे होते ऐसे नाही. त्या वर्षी राज्यात पित्ताची फार मोठी साथ होती. मोठमोठ्या घरांतील पोरांस पित्त जाहले, आणि काही घरांतील पोरे तापाने गेली, आणि ताप कशाचा ऐसे कोणी कोणास विचारिले नाही. सगळे एकमेकांच्या दारी जाऊन समाचार घेत आणि पित्तावर कोकम चांगले म्हणोन सांगत.

माडीवर सगुणेने पहिल्या दिवशी दार वाजविले, मग विनवण्या केल्या, मग वाटेल तैशा शिव्या दिल्या. पंत कचेरीत गेले. तिसऱ्या प्रहरी आवाज थांबला. आवडाबाईंनी बाहेरून हाका मारिल्या, उत्तर नाही. तेव्हा त्या माउलीने किल्लीची वाट पाहिली नाही. वरवंटा उचलून आणिला आणि कुलूप फोडिले. सगुणा जमिनीवर पडली होती, शेजारी भुकटीची रिकामी पुडी, ओठ निळसर, आणि छातीवर हात ठेविला तर आत घण घातल्यासारखे धडधडत होते. आवडाबाईंनी शेजारच्या रिक्षावाल्यास हाक मारिली, दोघांनी मिळून तिला खाली आणिली, आणि भर बाजारातून, उघड्या रिक्षातून, सर्वांच्या डोळ्यांदेखत तिला हरबाजी वैद्याच्या दवाखान्यात नेली.

हरबाजी वैद्य म्हातारे होते आणि थोडके बोलत. त्यांनी पोरीस खाटेवर घेतली, जे करणे ते केले, आणि छाती संथ जाहल्यावर बाहेर येऊन नाव विचारिले. विचारून स्वतःच म्हणाले, ‘बाई, दुसरं कुठलं सांगितलंत तरी मी लिहून घेईन. सगळे तसंच करतात. मागच्या महिन्यात इथे आलेल्या तिघांचं आडनाव एकच होतं, आणि ते माझ्या कंपाउंडरचं होतं.’ आवडाबाई म्हणाल्या, ‘सगुणा. सगुणा लखमोपंत नामनवीस. असंच लिहा.’ वैद्य म्हणाले, ‘पुकारतील.’ त्यावर आवडाबाई जे बोलल्या ते कंपाउंडरने ऐकिले आणि त्याने मला सांगितले, ते जसेच्या तसे लिहितो. त्या म्हणाल्या, ‘त्या मेल्या भुकटीला दहा नावं. एक टाकते, दुसरं घेते, तिचं काय जातंय? माझ्या लेकीला एकच आहे. आत्याने कानात सांगितलेलं. ते आज लपवलं आणि उद्या ती गेली, तर मी रडायचं कुणाच्या नावाने?’ वैद्यांनी मान खाली घालून लिहिले.

दुसरे दिवशी ती वर्दी नामखात्यात आली. घेणाऱ्याचे नाव दवंडीवर घालण्याआधी त्यावर नामनवीसाची मान्यता लागते, म्हणजे पंतांचीच. प्रधानजींस कळले, ते स्वतः चालत पंतांकडे आले, दार लोटून घेतले, आणि म्हणाले, ‘पंत, तुम्ही आमचे जुने माणूस. सगुणा नका घालू. दुसरं एखादं घाला, बेवारशी. कोण विचारतंय? भुकटीने दहा वेळा नाव बदललं, पोरीने एकदा बदललं तर आभाळ कोसळतं का?’ प्रधानजी वाईट माणूस नव्हे. मित्रत्वाने बोलिले. आणि पंतांचे मन त्या बोलण्याकडे गेले, अगदी गेले, हे मी लपवीत नाही. त्यांनी वर्दी तशीच ठेविली, टोपी घातली आणि हरबाजी वैद्याकडे गेले.

तेथे सगुणा निजली होती आणि आवडाबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनी पंतांकडे पाहिले आणि बसावयास जागा करून दिली. पंत थोडा वेळ बसले. मग त्यांच्या ध्यानात आले की दवाखाना मोठा आहे, खाटांची रांग भिंतीपर्यंत गेली आहे, चादरी स्वच्छ आहेत, आणि खाटा जवळजवळ सर्व रिकाम्या आहेत. त्यांनी वैद्यांस विचारिले, ‘मग लोक सांगतात तेवढा प्रकार नाही म्हणायचा.’ हरबाजी म्हणाले, ‘पंत, अभ्यासपुऱ्यातल्या दर गल्लीत दोन-तीन खोल्यांना बाहेरून कुलूप आहे. मी औषध घेऊन जातो, तर पित्त आहे म्हणून दारातून परत पाठवतात. तुमची मुलगी वाचली, कारण तिची आई तुमच्या खात्याला घाबरली नाही. अजून महिने लागतील, मध्ये पुन्हा घसरेल, पुन्हा आणावी लागेल. पण येईल मार्गावर. बाकीची कुलपं कोण फोडणार?’ पंत उठले, सगुणेच्या पांघरुणाचे टोक सरळ केले, आणि बाहेर पडले.

संध्याकाळी अभ्यासपुऱ्याच्या चौकात दवंडी होती. सटवाजी ढोलके घेऊन आला होता, खाणावळींपुढे गर्दी होती, आणि खिडक्यांतून पोरे-पोरी पाहात होती. सटवाजी पंतांस बाजूस घेऊन म्हणाला, ‘पंत, हे माझ्याच्यानं होणार नाही. ती एवढीशी असताना मी तिला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली. माझी चाकरी घ्या, पण तिचं नाव माझ्या तोंडून नको.’ पंत म्हणाले, ‘नकोच. द्या ते इकडे.’ आणि नामनवीसांनी ढोलके स्वतःच्या गळ्यात घातले. पंतांनी जन्मात ढोलके वाजविले नव्हते. दोन थापा वेड्यावाकड्या पडल्या, खिडकीत कोणी हसले. मग पंत ओरडले, आणि आवाज दुसऱ्याच शब्दास फाटला.

ते म्हणाले, ‘ऐका. मी लखमोपंत नामनवीस. माझी मुलगी सगुणा आजारी आहे. ती भुकटी घेत होती. तिला पित्त झालेलं नाही. मी तिला कोंडून ठेवली होती आणि ती मरत होती. ती आता हरबाजी वैद्यांच्या दवाखान्यात आहे आणि जिवंत आहे.’ येथे नेमाप्रमाणे ‘सबब गुन्हेगार’ हे शब्द यावयाचे, आणि सर्व चौक त्या शब्दांची वाट पाहात होता. पंत थांबले, घाम पुसला, आणि म्हणाले, ‘तिथे खाटा रिकाम्या आहेत. ज्यांच्या घरात असं दुखणं असेल त्यांनी पोरांना घेऊन जा. त्यांची नावं माझ्याकडे आली तर मी ती पुकारणार नाही. मला काढून टाकतील, तोवर तरी पुकारणार नाही.’ एवढे सांगून पंतांनी पुन्हा एक थाप मारिली.

खाणावळींपुढील गर्दी पांगू लागली. पंतांस वाटले, आपण जन्माची अब्रू घालविली आणि हाती काही आले नाही. इतक्यात वरच्या मजल्यावर एक खिडकी अर्धी उघडली, एक बाई डोक्यावर पदर घेऊन वाकली, कोणाची कोण पंतांनी ओळखिले नाही, आणि तिने हळूच विचारिले, ‘वैद्य कुठल्या गल्लीत बसतात?’ सटवाजीने तिला गल्ली सांगितली, आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सर्व पेठेस ऐकू गेली.

त्याउपरी काय जाहले ते थोडक्यात लिहितो. पंतांस मजकूर मोडल्याबद्दल बडतर्फ केले आणि शाल परत मागितली, ती त्यांनी धुऊन पाठविली. हरबाजी वैद्यांस खाटा पुरेनात, मग त्यांनी ओसरीवर सतरंज्या घातल्या. महाराजांनी ओसरी स्वतः येऊन पाहिली आणि ठराव फिरविला, घेणाऱ्याचे नाव पुकारू नये ऐसे केले, परीक्षेची बंदी मात्र तैशीच ठेविली, का की प्रधानजींच्या मते सर्वच सोडून चालत नाही. भुकटी बंद जाहली नाही. तिचे हल्लीचे नाव बखरकारास ठाऊक आहे, ते येथे लिहीत नाही. सगुणा दोनदा घसरली आणि दोनदा आईने आणिली. मनसब तिला मिळाली नाही. ती आता हरबाजींच्या दवाखान्यात येणाऱ्या पोरांजवळ बसते, आणि पंत तेथे पाणी भरतात, आणि बापलेकीत इतिहासावर वाद होतात ते बाहेरून ऐकू येतात.

येणेप्रमाणे ही हकीकत पुरी जाहली. एवढेच सांगणे राहिले की, जी पोरे त्याआधी तापाने गेली म्हणोन सांगितले, त्यांची नावे तरी येथे असावी ऐसे मनी आणून मी अभ्यासपुऱ्यात आणि गावपेठेत घरोघर विचारीत हिंडलो. कोणी तापच म्हणाले, कोणी दार लाविले, एके ठिकाणी माझ्या अंगावर पाणी टाकिले, आणि मला त्यांचा राग आला नाही. शेवटी गावपेठेत एक म्हातारे शिंपी यंत्रावर वाकून बसले होते, त्यांनी माझे सर्व बोलणे ऐकून घेतले, पाय थांबविला, आणि दोरा तोडून म्हणाले, ‘दामोदर. घरात दामू म्हणायचो. लिहा.’

लिहिले.